साठच्या दशकातल्या दुर्मीळ सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा संगीतप्रकार) गाण्यांच्या हक्कांवरून एवढी भांडणं का होतात?

कारण कागदपत्रांचाच घोळ असतो. छोट्या अमेरिकी कंपन्या चार तबकड्या काढून बंद पडल्या, मास्टर टेप (मूळ रेकॉर्डिंगची फीत) कुणाच्या माळ्यावर गेली देव जाणे. मोठ्यांचंही तेच. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या जिम स्टुअर्टनी १९६५ मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसोबतच्या वितरण करारावर नीट न वाचताच सही ठोकली. १९६८ मध्ये कळलं, अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या गाण्यांचे मास्टर अटलांटिकच्याच मालकीचे झालेत, अगदी स्टॅक्सचा स्टार गायक ओटिस रेडिंगचेसुद्धा! त्यात फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डिंगना २०१८ पर्यंत अमेरिकेचा केंद्रीय कॉपीराइट नव्हताच, राज्यागणिक कायदा वेगळा. आणि हो, तबकडी तुमच्या कपाटात आहे म्हणून ती पुन्हा काढता येत नाही. रेकॉर्डिंगचा परवाना वेगळा, गीत-संगीताचा वेगळा.