वाचकांचे प्रश्न : सरासरी भरली, मग बदललं काय?

प्रश्न : आमच्याकडे पावसाची सरासरी बऱ्याच वर्षी भरते, कधी जास्तही होते. मग हवामान बदल नेमका कुठाय? आणि शास्त्रज्ञ एकदा म्हणतात मान्सून कमी झाला, एकदा म्हणतात पुढं वाढणार. धरायचं काय? (शेतकरी वाचक, बार्शी तालुका)

उत्तर : तुमच्या प्रश्नावर पुण्यातल्याच पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2006 चा शोधनिबंध आहे, त्यांनी मध्य भारतातल्या 1951 ते 2000 च्या रोजच्या पावसाच्या नोंदी घेतल्या आणि बघितलं तर हंगामाचा एकूण पाऊस जवळपास तेवढाच, पण दिवसाला 100 मिमीच्या वरचे पाऊस वाढलेत आणि मध्यम पावसाचे दिवस घटलेत. म्हणजे एकाने दुसऱ्याची भरपाई केली आणि सरासरीत काहीच दिसलं नाही. पुढे 2017 मध्ये त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमने दाखवलं की गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकदम कोसळणारे अतिवृष्टीचे प्रसंग 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढले. शेतीला मोसमाचा टोटल कामाचा नाही, पेरणीनंतर उघडीप किती दिवस पडली, वाफसा मिळाला का, आणि काढणीच्या तोंडावर एका रात्रीत किती पडला हे कामाचं, आणि नेमकं तेच सरासरीत दिसत नाही. त्यामुळे तुम्हाला शिवारात जे जाणवतंय आणि सरासरी भरल्याची बातमी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता कमी की जास्त. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल आहे, त्यात 1951 ते 2015 मध्ये मान्सूनचा पाऊस साधारण 6 टक्के घटल्याचं लिहिलंय, गंगेचं खोरं आणि पश्चिम घाटात जास्त. त्याच अहवालात शतकाच्या शेवटापर्यंत मान्सून वाढेल आणि जास्त लहरी होईल असंही आहे. वाचताना वाटतं हे काय, पण यामागे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाने, गाड्या, चुली यांचा धूर, त्यातले बारीक कण ऊन अडवतात, जमीन हवी तेवढी तापत नाही, दुसरीकडे हिंदी महासागर मात्र तापत चाललाय, आणि मान्सून ओढला जातो तो जमीन-समुद्राच्या तापमानातल्या फरकामुळे, तो फरकच कमी झाला. उलट हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्राचं जुनं गणित आहे. इतकी वर्षं धुराचा जोर भारी पडला, पुढं धूर कमी झाला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतच राहिला तर बाष्पाचा जोर भारी पडेल. वाद आहे तो किती आणि कधी याचा, तापमान वाढतंय का याचा नाही. मला वाटतं हा फरक पेपरवाले नीट सांगत नाहीत आणि मग लोकांना वाटतं शास्त्रज्ञांनाच काही माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्याकडे सोयाबीन असेल तर रुंद सरी-वरंब्यावर (बीबीएफ) पेरून बघा, जोराच्या पावसात पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर सरीत मुरलेली ओल उपयोगी पडते.

प्रश्न : हवेतला वाढलेला कार्बन माणसाचाच, ज्वालामुखीचा नाही, हे कशावरून ओळखतात? (बारावीची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कार्बनच्या जातीवरून. कोळसा, पेट्रोल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं-जीव, त्यामुळे त्यात कार्बन-14 उरलेलाच नसतो (त्याचं अर्धायुष्य सुमारे 5730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा होतो), आणि कार्बन-13 पण कमी, कारण झाडं हलका कार्बन-12 जास्त घेतात. हवेतलं या दोन्हींचं प्रमाण कोळसा-तेल जाळल्यावर जसं घटायला पाहिजे तसंच घटलेलं मोजलंय, शिवाय ऑक्सिजनही किंचित कमी होतोय, कारण जाळायला तो लागतो. ज्वालामुखी वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या एक टक्क्याच्याही आत आहे. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर 1958 ला हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा प्रमाण 315 पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत 315 भाग) आसपास होतं, आता 420 च्या वर, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून बघितलं तर औद्योगिक काळाआधीच्या 8 लाख वर्षांत ते 300 च्या फार पुढं कधी गेलेलं नाही. अजून एक, सूर्यामुळे तापत असतं तर स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, तोही तापला असता, तो उलट थंड होतोय. हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या मॉडेलने 1967 मध्येच दाखवलं होतं, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. तुला यात इंटरेस्ट असेल तर फिजिक्स आणि मॅथ्स सोडू नकोस, मान्सूनवर काम करायला माणसं पाहिजेत.

प्रश्न : पूर्वी वादळं बंगालच्या बाजूला व्हायची, आता निसर्ग, तौक्ते आपल्याकडेच. हे सगळं हवामान बदलामुळेच का? (मच्छीमार कुटुंबातला वाचक, रत्नागिरी)

उत्तर : प्रत्येक वादळावर शिक्का मारणं शास्त्रज्ञ टाळतात आणि ते बरोबरच आहे. पण कल स्पष्ट आहे. 1982 ते 2019 च्या अभ्यासात अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या सुमारे 52 टक्क्यांनी वाढलेली आढळली. एवढ्याच वर्षांचा हिशोब का, तर त्याआधी उपग्रहांची पुरेशी नजर नव्हती, भर समुद्रातलं वादळ निसटून जायचं. आपल्याला जास्त जपायला हवं ते वेगळ्याच गोष्टीला, पाणी वरपासून खोलवर कोमट असलं की साधं वादळ एका दिवसात भयंकर होऊन बसतं आणि हा वेग आधी ओळखणं अजून अवघड जातं. तौक्ते असंच झपाट्याने वाढलं. त्यामुळे हवामान खात्याचा किंवा हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी केंद्राची संस्था) मच्छीमारांसाठीचा पहिला इशारा आला, अगदी नुसतं कमी दाबाचं क्षेत्र असं जरी म्हटलेलं असलं, तरी बोटी तेव्हाच बंदराकडे वळवा, बंदरावर धोक्याचा बावटा किती नंबरचा लागतोय याची वाट बघत बसू नका.