ग्रहांचे थेट फोटो काढायला तरुण तारेच का निवडतात, तेही इन्फ्रारेडमध्ये?

नवा ग्रह म्हणजे चुलीतून नुकताच काढलेला निखारा. जन्मावेळची उष्णता अजून शिल्लक असते आणि ती इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात, बाहेर पडते. आपला गुरू साडेचार अब्ज वर्षांत पार निवलाय. दृश्य प्रकाशात तो सूर्यापेक्षा साधारण अब्जपट मंद. तरुण ग्रहाची त्याच्या ताऱ्याशी इन्फ्रारेडमधली तफावत लाखाच्या घरात येऊ शकते. तारा जवळचा असला की दोघं वेगळे दिसणं सोपं जातं.

महाश्व तारकासमूहातला एचआर ८७९९ हा तरुण तारा घ्या. अंतर सुमारे १३० प्रकाशवर्षं. केक आणि जेमिनी दुर्बिणींनी टिपलेले त्याचे तीन ग्रह २००८ साली जाहीर झाले, २०१० मध्ये चौथा.

खरी डोकेदुखी म्हणजे ताऱ्याच्या झगमगाटातले ठिपके, थेट ग्रहासारखे दिसणारे. मग कॅमेऱ्यासमोर आकाश तासन्‌तास फिरू देतात. दुर्बिणीमुळे पडलेले ठिपके जवळपास जागीच राहतात, ग्रह सरकतो, पुढे वजाबाकी. तरी उरलेला ठिपका मागचा भलताच तारा असू शकतो (बहुतेकदा असतोच!), म्हणून वर्षभराने पुन्हा फोटो. ताऱ्याबरोबर सरकला तरच तो त्याचा.

गंमत म्हणजे एचआर ८७९९ चा एक ग्रह हबल अवकाश दुर्बिणीच्या १९९८ च्या फोटोत होताच. २००९ मध्ये जुना डेटा नव्याने तपासल्यावर सापडला.