कललेली भिंत, खचलेली वाट

प्रश्न : आमच्या बागेच्या उतारावर दगडी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत आहे. उंची सव्वा मीटर, लांबी नऊ मीटर. सांध्यांतून माती येते म्हणून दोन वर्षांपूर्वी दरजा सिमेंटने भरून घेतल्या. आता भिंतीचा मधला भाग पुढे झुकलाय. वरून ओळंबा सोडला तर पायाशी ७ सेंटिमीटर अंतर पडतं. वरच्या अंगाला भिंतीलगत फरश्यांची पायवाट आहे, तीही खचून तिच्यात पाणी साचतं. गवंडी म्हणतो, पुढून तीन टेकू बांधू आणि वाटेवर काँक्रीट ओतून लेव्हल करू. करावं का?

उत्तर : दोन्ही नको. आणि भिंत व वाट ही दोन दुखणी समजू नका. भिंत पुढे सरकली की मागची माती तिच्या पाठोपाठ सरकते आणि वरची वाट बसते. बसलेल्या वाटेत पाणी साचतं, तेच भिंतीमागे मुरतं आणि भिंतीला आणखी ढकलतं.

उघड्या सांध्यांची भिंत ओबडधोबड दिसते खरी, पण तिच्यातून पाणी वाट काढतं. तुम्ही दरजा भरल्या आणि पाणी आत कोंडलं. साधी भरावाची माती भिंतीला जेवढी रेटते, त्याच्या दुपटीहून जास्त रेटा ती पाण्याने पूर्ण भरल्यावर बसतो. भिंत मातीसाठी बांधलेली असते, टाकीसाठी नाही.

हे शहाणपण मलाही उशिराच आलं. इंजिनीअर असून मी माझ्या बागेतल्या भिंतीला पुढून दोन टेकू दिले होते, दरजाही झकास भरल्या होत्या. पुढच्या मोठ्या पावसात टेकू जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांच्यामधली भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली. उतरवायला घेतली तेव्हा मागची माती इतकी भिजलेली होती, की फावडं मारलं की पचक् आवाज यायचा. पाणी बाहेर पडायला बोटभर भोकही मी ठेवलं नव्हतं.

कललेला भाग मागे ढकलून सरळ होत नाही. मागची जागा मातीने केव्हाच घेतलेली असते. तो उतरवूनच बांधावा लागेल. भिंतीच्या वर लगेच घर किंवा गाडीचा रस्ता असेल, तर हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. नसेल तर कोरड्या दिवसांत, दोन-दोन मीटरचा तुकडा घेऊन, वरून खाली उतरवा. पायाशी आधी खणायचं नाही, आणि कललेल्या भिंतीखाली कुणी बसायचं नाही. मागची मातीही उभी कापू नका, उतार देऊन कापा.

बांधताना तळाची रुंदी उंचीच्या निम्मी, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर धरा. पहिला थर समोरच्या जमिनीखाली २०-३० सेंटिमीटर, घट्ट मातीवर बसवा. भिंतीचा चेहरा मागे झुकता ठेवा, पूर्ण उंचीला १५ सेंटिमीटर. उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ देऊ नका. निम्म्या उंचीवर मीटरभर अंतराने भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला. गवंडी ते टाळतात, कारण उचलायला जड असतात. दरजा उघड्याच ठेवा.

खरं काम मात्र भिंतीमागे आहे. तळाशी भोकं पाडलेला पाइप, मीटरला १ सेंटिमीटर उताराने, आणि त्याचं तोंड भिंतीच्या टोकाशी मोकळं. त्यावर ३० सेंटिमीटर जाडीची धुतलेली खडी, जवळजवळ वरपर्यंत. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. ते नसेल तर बारीक माती खडीत शिरते आणि काही वर्षांत खडी बुजते.

आता वाट. फरश्या उचलून बाजूला रचा, खालची भुसभुशीत माती काढा. भराव १०-१५ सेंटिमीटरच्या थरांत धुम्मसाने, म्हणजे माती ठोकायच्या जड ठोकळ्याने ठोका. ओल बरोबर आहे का, ते मुठीत कळतं : माती दाबली की गोळा व्हावा, खाली टाकला की फुटावा, तळहाताला पाणी लागू नये. त्यावर १० सेंटिमीटर खडी-कच (खडी आणि दगडाचा चुरा) ठोकून, मग ३-४ सेंटिमीटर जाड वाळू आणि फरश्या. भिंतीलगत ठोकायला हातधुम्मसच वापरा, मशीन नाही. नवीन भिंत त्याने तिथेच ढकलली जाते. उतार मीटरला २ सेंटिमीटर, भिंतीपासून लांब. नवा भराव थोडा बसतोच, म्हणून निदान एक पावसाळा सांध्यांत फक्त वाळू असू द्या. फरशी खाली गेली तर उचलून वाळू घालता येते. काँक्रीट ओतलंत तर ते फोडावं लागेल.

पहिला मोठा पाऊस पडला की पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाहा. सुरुवातीला पाणी गढूळ येईल. चार-पाच सरींनंतरही गढूळच येत राहिलं, तर कापड कुठेतरी फाटलंय आणि माती पुन्हा निघून चालली आहे. तेवढा भाग लगेच उघडा.