जुन्या होम कम्प्युटरमधली रॉम चिप चालू होताना नेमकं काय करते? ती बदलली तर मशीन चालेल का?

तुम्ही लिहिलंय की काकांचा स्पेक्ट्रम प्लस (सिंक्लेअरचा जुना होम कम्प्युटर) माळ्यावरून काढून टीव्हीला लावला तर नुसते रंगीत चौकोन दिसतात आणि दुकानदार म्हणतो रॉम, म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणारी मेमरी चिप, गेली. गेली असेलही, पण लगेच उपटू नका प्लीज.

या मशीनला हार्ड डिस्क नाही आणि रॅम तर वीज गेली की कोरी, मग पहिली सूचना येणार कुठून? झेड ८० प्रोसेसर रीसेट झाला की थेट शून्य नंबरच्या पत्त्यावर जातो आणि स्पेक्ट्रममध्ये तिथून पुढचे १६ केबी म्हणजे ही रॉमच. कीबोर्ड वाचणं, कॅसेटवरून लोड करणं, स्क्रीनवर अक्षरं काढणं, अख्खी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा, सगळं तेवढ्यात बसवलंय, मला आजही हे जबरदस्त वाटतं. कमोडोर ६४ या त्या काळच्या दुसऱ्या होम कम्प्युटरमध्ये प्रोसेसर ६५५३२-३३ या पत्त्यांवरून सुरुवात कुठे करायची ते उचलतो, बाकी कल्पना तीच.

सुरुवातीला रॉम काय करते तर रॅमच्या वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक बाइटमध्ये २ लिहिते, आणि स्क्रीनचं चित्रही रॅममध्येच असल्यामुळे ती क्षणभर काळी होते, बारीक लाल उभ्या रेघा दिसतात. मग खालून वर जात तो २ टिकलाय का बघते आणि जिथे टिकला नाही तिथे रॅम संपली असं धरते. म्हणून तर १६ केबी आणि ४८ केबी, दोन्ही मॉडेलना एकच रॉम चालायची. त्यानंतर पांढरी स्क्रीन आणि खाली १९८२ ची कॉपीराइटची ओळ.

आता तुमचे चौकोन. चित्र दाखवायचं काम यूएलए चिपचं, प्रोसेसर चालो न चालो ती रॅममधला कचरा दाखवत राहते. म्हणजे सफाई झालेली नाही एवढंच कळतं, दोष रॉमचा, झेड ८० चा किंवा खालच्या १६ केबी रॅमचा, कुणाचाही असू शकतो. त्या ४११६ रॅम चिपांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, आधी मल्टीमीटरने तेच मोजा. आणि अॅडॅप्टर ९ व्होल्टचाच पण मधली पिन निगेटिव्ह, हे लावायच्या आधी बघा, बाजारातले बहुतेक उलटे असतात.

व्होल्टेज बरोबर असेल तरच रॉमकडे वळा. सॉकेटमध्ये असेल तर हळूच काढून ईप्रॉम प्रोग्रामरवर (ईप्रॉम म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम, प्रोग्रामर म्हणजे ती वाचायचं-लिहायचं यंत्र) वाचा आणि ती फाइल मूळ १६ केबी रॉमच्या फाइलशी ताडा. बाइट न बाइट जुळली तर चिप ठणठणीत आहे. चिपला काचेची खिडकी असेल तर वरचा स्टिकर अजिबात काढू नका, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने आतलं पुसलं जातं. खरंच गेली असेल तर २७१२८ ईप्रॉम लिहून लावता येते, पण पिनांची जोडणी सगळ्या बोर्डांवर सरळ जुळत नाही, तुमच्या बोर्डाचा इश्यू नंबर (बोर्डाची आवृत्ती) बघून सर्किट तपासा. २८ पिनी सॉकेट पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जाईल.