शब्दावर दिलेली बाग

वाचकांचे प्रश्न : शेतमालाचे व्यवहार आणि कायदा

प्रश्न : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमची एक एकर द्राक्षबाग परराज्यातील एका व्यापाऱ्याला किलोला ४२ रुपये दराने शब्दावर दिली. त्याने बागेत फिरून घड पाहिले, शुगर मोजली, ५१ हजार रुपये रोख इसार दिला आणि २० तारखेपर्यंत सगळा माल काढून नेतो असे सांगितले. पहिल्या खेपेला ६ टन माल गेला आणि त्यापोटी ८० हजार रुपये मोबाइलवरून खात्यात आले. पुढे ‘उद्या गाडी पाठवतो’ असे म्हणत त्याने २० तारीखही उलटवली. २७ तारखेला अवकाळी पाऊस झाला आणि मणी तडकले. उरलेला ४ टन माल दुसऱ्या व्यापाऱ्याला २४ रुपयांनी द्यावा लागला. आता पहिला व्यापारी नेलेल्या मालालाही ३० रुपयेच देईन असे म्हणतो आणि अलीकडे फोनही उचलत नाही. लेखी काहीही नाही. सौद्याच्या वेळी दोन शेजारी हजर होते. आमचे पैसे मिळतील का?
– एक द्राक्ष उत्पादक, दिंडोरी तालुका

उत्तर : ‘लेखी काहीही नाही, म्हणजे हातात काहीही नाही’ हा समज आपल्या पत्रात ओळीओळीत दिसतो आणि तो चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ नुसार तोंडी करार वैध ठरतो, आणि मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ५ मध्ये विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो असे स्पष्ट म्हटले आहे. बाग म्हटली की जमिनीचा व्यवहार, आणि जमिनीचा व्यवहार म्हणजे स्टॅम्प आणि नोंदणी, अशी एक शंका नेहमी विचारली जाते. पण तोडून न्यायचे ठरलेले उभे पीक कायद्याच्या दृष्टीने जंगम मालच असते, त्यामुळे वेलीवरची द्राक्षे शब्दावर विकणे हा पूर्ण कायदेशीर व्यवहार आहे. सौदा झाला होता की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्न नाही. कोणत्या दराने झाला आणि माल कधी न्यायचा होता, या दोन गोष्टी सिद्ध करणे हे आपले खरे काम आहे.

दरापासून सुरुवात करू. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत अनेक वाचकांनी पाहिलेली असेल. भोवती वीस माणसे उभी असतात, सौदा ठरल्याचे सगळ्यांना दिसते, पण आकडा मात्र दोघांनाच ठाऊक असतो. आपल्या दोन शेजाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारेन, की त्यांनी ४२ हा आकडा कानांनी ऐकला, की व्यापारी गेल्यावर तो आपल्याकडून त्यांना कळला? ऐकला असेल तर ते साक्षीदार आहेत. नंतर कळला असेल तर इसाराचे पैसे देताना पाहिले, एवढेच ते सांगू शकतील. त्याखेरीज आपल्याकडे आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ काही आहे. खात्यात आलेले ८० हजार रुपये हा व्यवहार झाल्याचा व्यापाऱ्याने स्वतःच दिलेला पुरावा आहे. क्रेटचे वजन करताना डायरीत केलेल्या नोंदी, वजनाच्या चिठ्ठ्या, गाडीचा नंबर, माल काढणाऱ्या मजुरांच्या टोळीला दिलेली मजुरी, त्या आठवड्यात गावातील इतर बागा कोणत्या दराने गेल्या याची माहिती, हे सगळे एकत्र ठेवावे. व्हॉट्सॲपवरील संदेश आणि कॉलचे रेकॉर्डिंग असल्यास तो मोबाइल बदलू नका आणि विकू तर मुळीच नका, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ यंत्र हाताशी असेल तर ते काम सोपे होते.

आता रकमेकडे वळू, कारण आपल्या मागणीचे दोन भाग आहेत आणि दोन्हींचे वजन सारखे नाही. नेलेल्या ६ टनांचे ४२ रुपयांनी २ लाख ५२ हजार होतात. त्यातून इसार आणि नंतर आलेले मिळून १ लाख ३१ हजार वजा केले तर १ लाख २१ हजार येणे राहते. ही बाजू भक्कम आहे. वजन होऊन गाडीत चढलेला माल त्याचा झाला, आणि त्यानंतर मागे राहिलेल्या बागेवर पाऊस पडला म्हणून गेलेल्या मालाचा दर पाडण्याचा त्याला काहीही अधिकार नाही.

उरलेल्या ४ टनांची गोष्ट मात्र नाजूक आहे आणि ती आपल्याला गोड करून सांगण्यात अर्थ नाही. वेलीवर असलेला, अजून तोडायचा आणि वजन करायचा राहिलेला माल सर्वसाधारणपणे शेतकऱ्याच्याच मालकीचा राहतो, आणि ज्याची मालकी त्याचीच जोखीम, हा मालविक्री कायद्याचा साधा नियम आहे. पाऊस २० तारखेच्या आत झाला असता, तर तडकलेल्या मण्यांचे नुकसान बहुधा आपल्यालाच सोसावे लागले असते. परंतु त्याच कायद्याच्या कलम २६ मध्ये असेही म्हटले आहे, की एका पक्षाच्या चुकीमुळे माल देण्या-घेण्यास उशीर झाला आणि तो उशीर झाला नसता तर जे नुकसान कदाचित टळले असते, त्याची जोखीम चूक करणाऱ्यावर राहते. म्हणून ‘२० तारखेपर्यंत नेतो’ हे वाक्य आणि नंतरचे ‘उद्या गाडी पाठवतो’चे फोन आपल्यासाठी दराइतकेच मोलाचे आहेत. त्या आठवड्यातील कॉलची यादी आजच काढून ठेवा आणि महसूल मंडळातील पावसाची नोंद मिळवा.

माल बागेत सडू न देता आपण तो २४ रुपयांनी विकलात, हे योग्यच झाले. करार मोडलेल्या माणसाकडून भरपाई मागताना आपण स्वतः नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला होता का, हे न्यायालय पाहते. आपली मागणी आता किलोमागे १८ रुपयांच्या फरकाची, म्हणजे ७२ हजारांची आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याने दिलेली हिशेबपट्टी तिचा आधार ठरेल.

प्रत्यक्ष कृतीत पहिले पाऊल म्हणजे वकिलामार्फत पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस, तारखा आणि आकडे यांसह. त्यानंतर आपल्या तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करून लोकअदालतीत समेटाचा प्रयत्न करता येतो. त्यास न्यायालयीन शुल्क लागत नाही. तेथे जमले नाही तर दिवाणी दावा, आणि त्यासाठी व्यापाऱ्याच्या गावी जाण्याची गरज नाही, कारण सौदा झाला आणि माल दिला ते ठिकाण आपल्याच न्यायालयाच्या हद्दीत आहे. मुदत तीन वर्षांची असते. उधारीची तारीख ठरलेली नसेल तर ती माल दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मधल्या काळात त्याने ३० रुपयांच्या हिशेबाने उरणारे ४९ हजार पाठवले तर परत करू नका, पण ‘हिशेब पूर्ण झाला’ असे लिहून देऊ नका. ‘रक्कम येण्यापोटी जमा, बाकी कायम’ असा संदेश त्याच दिवशी पाठवा.

पोलिसांविषयी आपण विचारलेले नाही, तरी गावात सल्ला तोच मिळत असणार. नाशिक परिक्षेत्रात २०२० मध्ये पोलिसांनी शेतकऱ्यांची फसवणूक करणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध खास मोहीम घेतली होती आणि अनेकांचे पैसे परत मिळाले, हे खरे आहे. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणूक ठरण्यासाठी बुडवण्याचा हेतू सौद्याच्या वेळीच होता असे दिसावे लागते. त्याने खोटे नाव-पत्ता सांगितला असेल, किंवा आपल्यासारखेच आणखी शेतकरी त्याने त्याच हंगामात बुडवले असतील, तर सगळ्यांनी मिळून तक्रार करावी. निव्वळ दराच्या वादासाठी तो मार्ग नाही.

पुढच्या हंगामासाठी एकच सुचवतो. ‘लिहून द्या’ म्हटले की व्यापाऱ्याला विश्वास नसल्यासारखे वाटेल, या संकोचातून आपल्याकडे कागद होत नाही. मग त्याच्याकडून काहीही मागू नका. तो गेल्यावर आपणच संदेश पाठवा : ‘आज आपण बाग पाहून किलोला ४२ रुपये दर ठरवला, इसार ५१ हजार मिळाला, २० तारखेपर्यंत माल नेणार, पैसे अमुक दिवसांत.’ त्यावर त्याने नुसता अंगठा उमटवला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : चाळीतील ८० क्विंटल कांदा एका ओळखीच्या व्यापाऱ्याला १,८०० रुपये क्विंटलने तोंडी देऊन ५ हजार रुपये इसार घेतला. दोन दिवसांत दर चढला आणि दुसरा व्यापारी २,३०० द्यायला तयार आहे. इसार परत करून सौदा मोडता येईल का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : वरचे पत्र आपण वाचले असेल, तर उत्तर आपल्याला सुचलेच असेल. इसार परत केल्याने दिलेला शब्द परत होत नाही. आपल्या सौद्यात माल, वजन आणि दर ठरलेले आहेत. आपण मोडलात तर क्विंटलमागे ५०० रुपये, म्हणजे ४० हजारांपर्यंतचा फरक तो आपल्याकडे मागू शकतो. दर १,३०० वर आला असता आणि त्याने इसार सोडून पाठ फिरवली असती, तर आपण मला वेगळेच पत्र लिहिले असते. त्याला सरळ भेटून दर वाढल्याचे सांगा आणि थोडी वाढ मागून पाहा. ओळखीचा माणूस आहे, देईलही. सौदा त्याने स्वखुशीने सोडलाच, तर इसार मोबाइलवरून परत करून ‘सौदा दोघांच्या संमतीने रद्द’ असा त्याचा संदेश आल्याखेरीज चाळीचे दार दुसऱ्यासाठी उघडू नका.