कोलच्या नावावर शून्य, मग ते पाच रन कोणाचे?

भाऊ, तुझा प्रश्न असा: अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल असलेल्या २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या (यांकीज विरुद्ध डॉजर्स) पाचव्या मॅचमध्ये यांकीजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, गेरिट कोल याच्या ओळीत रन ५ आणि अर्न्ड रन (पिचरच्या दोषाचे धरतात ते) ०. मग पोट्ट्यानं चांगलं पिचिंग केलं म्हणायचं की नाही? आणि एका मॅचच्या आकड्यांवरून खेळाडू जोखायचा कसा?

ही मॅच मस्त निवडलीस. आपल्याकडं ती ३१ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या पहाटे आली. गाव अभ्यंगस्नानात होतं, म्हणून रेंज तरी बरी मिळाली.

पहिलं म्हणजे कोलच्या इनिंगचा आकडा ६.२ आहे. आपल्याकडं क्रिकेटमध्ये १२.४ ओव्हर म्हणजे बारा ओव्हर आणि चार बॉल, तसं हे सहा इनिंग आणि दोन आऊट; इनिंग तीन आऊटची असते. हिशेब करताना ६.२ नाही, ६.६७ धर. ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी अर्न्ड रन, काढायला अर्न्ड रनला ९ नं गुणून या आकड्यानं भागायचं. इथं अर्न्ड रनच शून्य, म्हणून ईआरएही शून्य.

आता ती पाचवी इनिंग. यांकीज ५-० पुढं होते. डॉजर्सच्या किके हर्नांडेझनं सिंगल मारला, म्हणजे हिटवर पहिला बेस गाठला. टॉमी एडमनचा सोपा फ्लाय (हवेतला बॉल) यांकीजच्या ॲरन जजच्या हातातून सुटला, एरर, म्हणजे फिल्डरच्या नावावर लागलेली चूक. विल स्मिथचा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला बॉल) अँथनी व्होल्पीनं उचलला, पण तिसऱ्या बेसकडं थ्रो वाकडा गेला, दुसरा एरर. बेस भरले, आऊट एकही नाही. इथं कोलनं गॅव्हिन लक्स आणि शोहेई ओहतानी या दोघांना लागोपाठ स्ट्राईक आऊट (तीन स्ट्राईकवर बाद) केलं. नंतर मूकी बेट्सचा ग्राउंडर पहिल्या बेसवर रिझोकडं गेला आणि कोल बेस कव्हर करायला धावलाच नाही. बेट्स सेफ, एक रन. फ्रेडी फ्रीमनच्या सिंगलवर दोन, टेओस्कार हर्नांडेझच्या डबलवर (दोन बेसचा हिट) आणखी दोन. ५-५.

स्कोअरर काय करतो? एरर झालेच नाहीत असं धरून इनिंग पुन्हा मांडतो. एडमन आऊट, स्मिथच्या ग्राउंडरवर एक आऊट, लक्स स्ट्राईक आऊट. इनिंग तिथंच संपली. त्यापुढचं सगळं पिचरच्या अर्न्ड रनमधून वजा. क्रिकेटच्या वहीत असं होत नाही. कॅच सुटला तरी पुढचे रन बॉलरलाच लागतात, आणि टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये त्याच्यावर संध्याकाळपर्यंत भांडण चालतं. बेसबॉल पिचरला तेवढी माफी देतो.

पण माफी जास्तच होते कधी कधी. बेट्सच्या बॉलवर चूक कोलची होती, तरी स्कोअरबुकात एरर नाही. डोक्यातली चूक किंवा अंदाज चुकणं याला नियमानं एरर देत नाहीत. म्हणून बेट्सला हिट आणि एक आरबीआय (बॅटरमुळं आलेला रन) मिळाला, कोलच्या नावापुढं एरर नाही की अर्न्ड रन नाही. माझं मत विचारशील तर कोलला पूर्ण दोष नको आणि शून्याचं कौतुकही नको. बेस भरलेले असताना काढलेले दोन स्ट्राईक आऊट त्याचे, पण तिसरा आऊट हातात होता आणि तो त्यानं घालवला. पुढं डॉजर्सनी मॅच ७-६ नं जिंकली आणि सिरीजही.

जजचंही तसंच. पहिल्या इनिंगमध्ये दोन रनांचा होमर (मैदानाबाहेर गेलेला फटका) त्याचाच. नुसती बॅटिंगची ओळ वाचलीस तर त्या सुटलेल्या बॉलचा पत्ता लागत नाही, तो खाली एररच्या यादीत बारीक अक्षरात असतो. ती यादी पहिली वाचत जा.

बॅटरच्या ओळीत मी आरबीआयवर सगळ्यात कमी भरवसा ठेवतो. फ्रीमनचे त्या सिरीजमध्ये १२ आरबीआय झाले, १९६० च्या बॉबी रिचर्डसनच्या विक्रमाएवढे. माणूस भारीच खेळला, त्याबद्दल वादच नाही. पण पहिल्या मॅचचा शेवटचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमर) घे. त्याच्या आधी लक्स वॉकवर (चार खराब बॉलवर मिळालेला फुकटचा बेस) आला होता, एडमन इनफिल्ड हिटवर, आणि बेट्सला यांकीजनी मुद्दाम वॉक दिला होता. चार आरबीआय एकाच्या नावावर, बेस भरले तिघांनी. वॉक ॲट-बॅटमध्ये (ॲव्हरेजसाठी मोजतात त्या बॅटिंगच्या पाळ्या) मोजत नाहीत, म्हणून लक्सचं ते काम ॲव्हरेजमध्ये (हिट भागिले ॲट-बॅट) दिसत नाही. त्यासाठी ऑन-बेस पर्सेंटेज बघ, त्यात हिट, वॉक आणि अंगाला बॉल लागून मिळालेला बेस तिन्ही धरतात.

तुझ्या रजिस्टरमध्ये हिट आणि रन आहेतच. दर बॅटरपुढं आणखी दोन रकाने आख: तो आला तेव्हा आऊट किती होते आणि बेसवर कोण होतं. हे बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) नसतं, प्ले-बाय-प्ले (एकेका खेळीची क्रमानं नोंद) उघडावं लागतं. अर्धा तास जाईल, जाऊ दे. ॲव्हरेजचा रकाना मात्र एका मॅचसाठी खोडूनच टाक. चार ॲट-बॅटमध्ये एक हिट कमी-जास्त झाली की .२५० चे .५०० होतात.

सरावाला १९ सप्टेंबर २०२४ ची डॉजर्स-मार्लिन्स मॅच घे. ओहतानीचे सहा ॲट-बॅटमध्ये सहा हिट, तीन होमर, १० आरबीआय, दोन चोरलेले बेस (हिटशिवाय पळून गाठलेले). त्या दहातले किती रन आधीच बेसवर उभे होते ते काढून इथं टाक, मग पुढचं बोलू.