घरच्या गाण्यांसाठी क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर जुन्या क्लास-एबीची जागा घेईल का?

हो, रोजच्या वापरात बरीचशी घेतलीच आहे. पण एबी पूर्ण जाणार नाही. क्लास-डीमध्ये आउटपुटचे मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात, म्हणून कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास जाते. एबीत बरीच वीज हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापवण्यातच जाते, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ते फार जाणवतं. टीपीए3116 या क्लास-डी चिपचा बोर्ड लाइट गेल्यावर 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. ताकद मात्र 24 व्होल्टच्या साधारण पाव मिळते. घेताना आउटपुटच्या कॉइल नीट बघा. स्वस्त बोर्डात त्या बारक्या असतात, मोठ्या आवाजाला सॅच्युरेट होतात (त्यांची चुंबकीय क्षमता संपते) आणि बास फाटतो. एबी टिकेल ती दुरुस्तीमुळे: जळालेला ट्रान्झिस्टर तालुक्याचा मेकॅनिकही बदलून देतो, क्लास-डीचा बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो.